नळावरची सावली

 

आज बचतीवर, कर्जावर, हप्त्यावर बोलायचं नाही. आज सावलीवर बोलायचं आहे. सावलीवर काय बोलायचं, असं कुणी म्हणेल. आम्हीही तसंच म्हणत होतो. सावली गेली तेव्हा तिचा हिशेब कळला. आणि ती घालवताना ठरावाखाली सह्या आमच्याच होत्या, म्हणून आधी तेच सांगतो.

आमचं गाव जालना जिल्ह्यातलं. देवळासमोर सार्वजनिक नळ, नळाशेजारी लिंबाचं जुनं झाड आणि झाडाला दगडी पार. गटाची पंधरवड्याची बैठक त्या पारावर व्हायची. नळाला पाणी येतं दुपारी, कधी दोनला तर कधी चारला. मग घागरी रांगेत ठेवायच्या आणि पारावर बसून हप्ते गोळा करायचे. पाणी येईपर्यंत बैठक उरकायची. अशी कितीतरी वर्षं गेली.

मग गावात सुशोभीकरणाचा निधी आला. पार काढायचा, सगळीकडे गट्टू बसवायचे, म्हणजे पेव्हर ब्लॉक, आणि बसायला पत्र्याचं शेड उभारायचं, असं ठरलं. झाड मधे येत होतं. आम्हाला विचारलं तेव्हा खरं सांगायचं तर आम्ही खूशच झालो. पावसाळ्यात नळापाशी नुसता चिखल. लुगड्याचे काठ भरायचे, घागर घेऊन पाय घसरायचा. त्यात लिंबाचा पाला, निंबोळ्या, वर पाखरांची घाण, आणि झाडलोट कुणाच्या वाट्याला? आमच्याच. "जाऊ दे, एकदाचं स्वच्छ होईल," असं म्हणून आम्ही सह्या केल्या. दोन दिवसांत झाड आडवं झालं. जागा अगदी चकचकीत दिसायला लागली. आम्ही शेडसमोर उभं राहून फोटोसुद्धा काढले.

पुढच्या एप्रिलात कळलं. शेडमध्ये दुपारी दहा मिनिटं बसवेना. डोक्यावरून पत्रा भाजतोय, खालून गट्टू भाजताहेत. बैठक रात्री घ्यायची ठरवली, तर रात्री सुनांना स्वयंपाक आणि म्हाताऱ्यांना दिसत नाही. हजेरी निम्म्यावर आली, हप्ते मागे पडायला लागले. नळाच्या रांगेत आमच्या गटातल्या एका मावशीला चक्कर आली, घागरीसकट खाली पडल्या. आणि एके दिवशी अंगणवाडी सुटल्यावर तीन वर्षांचं पोर आईकडे अनवाणी धावत सुटलं, गट्टूवरून. अर्ध्यात थांबून किंचाळायला लागलं. त्याला पुढेही येता येईना, मागेही जाता येईना. तळपायाला फोड आले होते. त्या माउलीसमोर आम्हाला मान वर करता आली नाही.

तेव्हापासून आम्ही या विषयाच्या मागे लागलो. कृषी विभागाच्या शिबिरात विचारलं, शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना विचारलं, आणि रोजच्या कामातलं थोडं डोकंही वापरलं. जे कळलं ते तुम्हाला सांगतो.

पहिली गोष्ट. बातम्यांत सांगतात, आज पारा ४२ अंश. हा आकडा कुठला असतो? हवामान खात्याचं थर्मामीटर एका पांढऱ्या लाकडी कोठीत ठेवलेलं असतं. कोठीला झडपा असतात, ती जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंच असते. वारा आत जातो, पण ऊन आत जात नाही. म्हणजे तो ४२ चा आकडा सावलीतला असतो, मैत्रिणींनो. थर्मामीटरला सावली दिलेली असते आणि आपण उन्हात उभ्या असतो. त्यामुळे आपल्या अंगाला काय लागतं, ते त्या आकड्यातून पूर्ण कळत नाही.

अंगाला लागणाऱ्या चार गोष्टी असतात. हवा किती तापली आहे, हवेत दमटपणा किती आहे, वारा आहे की नाही, आणि चौथी म्हणजे आजूबाजूची झळ. ही चौथी गोष्ट आपल्या ओळखीची आहे. चुलीपुढे भाकरी थापताना तोंड भाजतं, पाठ मात्र तेवढी तापत नाही. स्वयंपाकघरातली हवा तर पुढे-मागे सारखीच असते. मग तोंडच का भाजतं? कारण जाळाची झळ सरळ तोंडावर येते. आता मधे सूप धरा. हवा तीच, चूल तीच, पण तोंडाला लगेच बरं वाटतं.

उन्हात उभं राहणं म्हणजे तीन चुलींच्या मधे उभं राहणं. वर सूर्य, खाली तापलेले गट्टू, बाजूला सिमेंटची भिंत. मे महिन्यात हवा ४२ असेल तेव्हा उन्हातलं सिमेंट सहज ५० च्या वर जातं. आपल्या अंगाचं आतलं तापमान ३७ आणि कातडीचं त्याहून थोडं कमी. म्हणजे चहूबाजूंनी उष्णता आपल्याकडेच येणार. आमच्याकडे उन्हाळ्यातला वाराही कातडीपेक्षा तापलेला असतो, म्हणून तर बायका तोंडाला पदर बांधून शेतात जातात. मग अंग थंड ठेवायला घामाशिवाय दुसरा मार्ग उरत नाही. पाणी कमी प्यालं, घाम आटला, की माणूस कोसळतो.

कोकणात तर हवा दमट, घाम वाळतच नाही. २०२३ च्या १६ एप्रिलला नवी मुंबईत खारघरला एका मोठ्या सरकारी कार्यक्रमात लाखो माणसं उघड्या मैदानात तासन्तास बसली होती. डोक्यावर मांडव नाही, झाड नाही. उष्माघातानं १४ जण गेले. त्या दिवशी त्या भागातला पारा होता ३८ च्या आसपास. आपल्याकडे ३८ ची कुणी दखलही घेत नाही. म्हणून म्हणतो, नुसत्या आकड्यावर जाऊ नका.

आता झाड काय करतं ते बघू. झाडामुळे हवा फार थंड होते असा आपला समज असतो. एकट्या झाडाखालची हवा बाहेरच्यापेक्षा थोडीशीच थंड असते, एखाद-दुसरा अंश. वारा सुटला की तेवढाही फरक राहत नाही. मग झाडाखाली एवढं बरं का वाटतं? कारण झाड म्हणजे ते सूप आहे. वरची झळ ते अडवतं. त्याखालची जमीन तापत नाही, म्हणून खालची झळही जाते. दोन चुली एकदम विझतात.

मग पत्राही ऊन अडवतो, त्याचं काय? इथेच आमची चूक झाली होती. पत्र्याचं सूप स्वतःच तापतं आणि तीच झळ खाली आपल्या डोक्यावर सोडतं. पान तसं तापत नाही. माठ कसा झिरपतो आणि त्यामुळे आतलं पाणी गार राहतं, तसं पान मुळांनी ओढलेलं पाणी हळूहळू हवेत सोडतं आणि स्वतःला गार ठेवतं. झाडाला एक पान नसतं, एकावर एक असे पानांचे थर असतात, मधून वारा खेळतो. वरचं पान ऊन खातं, खालची पानं सावलीत राहतात. आपल्याला दिसतं ते खालचं, गार पान. उन्हाळ्यात झाडाला पाणी कमी पडलं तर ते पाणी सोडणं आवरतं, पण सावली द्यायचं थांबवत नाही.

आणखी एक गोष्ट रात्रीची. सिमेंट दिवसभर ऊन पितं आणि रात्रभर ते ओकत राहतं. म्हणून घराची पश्चिमेची भिंत रात्री दहा वाजताही हाताला गरम लागते. दिवसभर तापलेल्या अंगाला रात्री विसावा मिळाला नाही, तर दुसऱ्या दिवशी ते लवकर थकतं. भिंतीवर दुपारी झाडाची सावली असेल तर ती तापतच नाही, रात्रही बरी जाते. मात्र झोपायला दाट झाडाखाली जाऊ नका, मोकळ्या अंगणात झोपा. रात्री जमीन आपली उष्णता वर आभाळाकडे सोडते. वर दाट फांद्या असतील तर ती तिथेच अडते. दिवसा झाडाखाली, रात्री आभाळाखाली, असं लक्षात ठेवा.

हे सगळं कळल्यावर आम्ही एक काम केलं. तुम्हीही करून बघा, त्याला एक रुपया लागत नाही. ग्रामसंघाच्या बैठकीत शाळेच्या व्हरांड्यात रांगोळीनं गावाचा नकाशा काढला. रस्ते, देऊळ, शाळा, नळ, रेशन दुकान, दवाखाना, एसटीचा थांबा, धुणं धुवायची जागा. मग दुपारी एक ते चारमध्ये आमच्यातल्या चौघी वही घेऊन गावभर फिरल्या. जिथे झाडाची सावली होती तिथे नकाशावर हिरवी रांगोळी टाकली. जिथे बायका आणि पोरं रोज अर्ध्या तासापेक्षा जास्त उभी राहतात, तिथे लाल.

नकाशा पूर्ण झाला आणि सगळ्या गप्प झाल्या. हिरवी रांगोळी होती एसटीच्या थांब्याजवळच्या वडाखाली. तिथे दुपारभर पुरुष मंडळी बसतात, पत्ते खेळतात. ती होती सोसायटीच्या अंगणात, आणि गावाबाहेरच्या चिंचेखाली, जिथे कुणीच थांबत नाही. लाल रांगोळी होती नळावर, रेशनच्या रांगेत, अंगणवाडीच्या दारात, धुण्याच्या दगडांपाशी. लाल आणि हिरवं एकाही ठिकाणी एकत्र आलं नव्हतं. गावात सावली अगदीच नव्हती असं नाही, पण बायका उभ्या राहतात तिथे ती नव्हती. आणि जिथे होती, तिथली आम्हीच सह्या करून घालवली होती.

वडाखाली बसणाऱ्यांवर आमचा राग नाही. सावली सगळ्यांची आहे. पण नळाच्या रांगेतून घागर सोडून वडाखाली जाता येत नाही, हेही खरं आहे.

तो नकाशा कागदावर उतरवून आम्ही महिला सभेत मांडला. ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यावी लागते, हा नियम आहे. ती कागदावर उरकू देऊ नका, तिथे जाऊन बसा. आम्ही दोन ठराव घेतले. एक, नळ, रेशन दुकान आणि अंगणवाडी या तीन ठिकाणी झाडं लावायची आणि नळाचं सांडपाणी त्यांना सोडायचं. दुसरा, गावात यापुढे गट्टू किंवा सिमेंट टाकताना असलेलं झाड तोडायचं नाही आणि त्याच्या बुंध्याभोवती सगळ्या बाजूंनी एक मीटर माती उघडी ठेवायची.

हा एक मीटर आमच्या मनचा नाही. दिल्लीतल्या झाडांच्या बुंध्याभोवतीचं काँक्रीट एक मीटरपर्यंत काढून टाका, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्ये दिला होता. आम्ही तोच दाखला सभेत दिला. बुंध्याला सिमेंटची गळपट्टी बसली की पावसाचं पाणी मुळांपर्यंत जात नाही, मुळांना हवा मिळत नाही. झाड दोन-चार वर्षं तग धरतं, मग शेंड्याकडून वाळायला लागतं, आणि एखाद्या वादळात पडतं. आपण म्हणतो, जुनं झालं होतं.

शाळेच्या रस्त्याला आणखी एक लिंब होता, त्याच्या बुंध्यापर्यंत गट्टू भिडले होते. ठराव झाला पण माणूस कुणी येईना. शेवटी एका रविवारी आम्हीच पहार आणि घमेली घेऊन गेलो आणि भोवतीचे गट्टू उचकटले. काही जण हसले. संध्याकाळपर्यंत हसणाऱ्यांतल्याच दोघांनी पहार हातात घेतली.

आता तुम्हाला उपयोगी पडतील अशा चार गोष्टी.

झाड कोणतं लावायचं? आमच्या कोरडवाहू भागात लिंब आणि करंज. लिंबाची पानं फेब्रुवारी-मार्चमध्ये गळतात, पण खऱ्या उन्हाळ्याच्या आत नवी पालवी भरते. करंजाचंही तसंच, पानगळ थोडक्यात उरकते. चिंच हळू वाढते पण सावली दाट देते. वड आणि पिंपळ उत्तम, फक्त घर, विहीर, टाकी यांच्यापासून लांब लावा, मुळं भिंती फोडतात. गुलमोहर दिसायला सुंदर, पण ऐन उन्हाळ्यात पानं नसतात, नुसती फुलं असतात, आणि फांद्या ठिसूळ, वादळात मोडतात. नळावर तो नको. शाळेच्या कुंपणाला लावतात तो सरळसोट उंच अशोक शोभेचा आहे, त्याची सावली एका माणसालाही पुरत नाही. निलगिरीची सावलीही विरळ. हिरवळ लावायचा आग्रह कुणी धरला तर विचारा, पाणी कुठून आणणार? हिरवळीनं पाय गार राहतात, पण डोक्यावरचं ऊन ती अडवत नाही.

कुठे लावायचं? मे महिन्यात आपल्याकडे एक दिवस असा येतो की भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, उभ्या काठीची सावलीसुद्धा पडत नाही. म्हणजे बाराच्या सुमारास सावली झाडाच्या अगदी खालीच असते. दोननंतर सूर्य पश्चिमेला कलतो आणि सावली पूर्वेला सरकते. तुम्ही जिथे दुपारी उभ्या राहता, त्याच्या पश्चिमेला झाड लावा. सकाळचा भाजीबाजार असेल तर पूर्वेला. आम्ही आधी काठी रोवून, दर तासाला चुन्यानं सावलीची खूण करून जागा ठरवली. कोकणातल्या किंवा समुद्राकाठच्या मैत्रिणींनी एवढं बघा की झाडाच्या खालच्या फांद्या छाटून वाऱ्याला वाट राहील. दमट हवेत वारा अडला तर सावलीतही घुसमट होते.

जगवायचं कसं? लावण्यापेक्षा हेच अवघड आहे. आम्ही लावलेल्या सात रोपांपैकी पहिल्या वर्षी तीन गेली. दोन शेळ्यांनी खाल्ली, एक सुट्टीत पाण्यावाचून वाळलं. आता भोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण आहे. रोपाजवळ जुना माठ पुरला आहे, तळाला बारीक भोक पाडून त्यात कापडाची वात घातली आहे. माठ भरला की पाणी कितीतरी वेळ हळूहळू झिरपत राहतं. बुडाशी पाचटाचं आच्छादन आहे. हजेरीच्या वहीत एक रकाना वाढवला आहे, या पंधरवड्यात कोणतं रोप कोणत्या गटाकडे. ज्या गटाचं रोप सुकेल त्यानं नवं आणायचं.

आणि झाड मोठं होईपर्यंत काय? नळावर घागर ठेवल्याबरोबर सावली देईल असं झाड व्हायला पाच-सहा वर्षं तरी लागतील. तोवर आम्ही त्याच पत्र्याच्या शेडवर वेल चढवले आहेत. पश्चिमेच्या बाजूला बांबूची ताटी आणि त्यावर दोडका, कारलं, गोकर्ण. पत्र्याच्या वर हातभर अंतर सोडून काटक्यांचा मांडव केला आहे, म्हणजे वेल आणि पत्रा यांच्यामधून वारा जातो. पाऊस संपल्यावरही सांडपाण्यावर वेल टिकवायचे. वेल वाळलेच तर मांडवावर तुराट्या आणि पाला टाकायचा. यंदा एप्रिलात आमची बैठक पुन्हा दुपारी झाली. पारावर बसायचो तेवढं बरं वाटलं असं म्हणणार नाही, पण बसता आलं.

एक जाता जाता सांगतो. उन्हात कुणी कोसळलं, अंग तापलं आहे, बोलणं असंबद्ध होतंय, तर सगळ्यात आधी सावलीत न्या. अंगावर साधं पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

शेवटी ज्यासाठी आज आलो ते. तुमच्या गावात अजून गट्टू आले नसतील, तर येतील. चिखल जातो, ते चांगलंच आहे, आम्ही गट्टूंच्या विरोधात नाही. पण सही करण्याआधी दुपारी दोन वाजता त्या जागेवर जा. आधी झाडाखाली जमिनीला तळहात लावा, मग उन्हातल्या सिमेंटला लावा. किती वेळ ठेवता येतो ते बघा. मग ठराव वाचा. त्यात झाडाबद्दल काय लिहिलं आहे ते मोठ्यानं वाचून दाखवायला सांगा. आमच्याकडे तेव्हा कुणी वाचून दाखवलं नाही, आणि आम्हीही वाचायला मागितलं नाही.

ज्या मावशी नळावर पडल्या होत्या, त्या आता बऱ्या आहेत. नळापाशी लावलेल्या रोपाला रोज संध्याकाळी एक तांब्या पाणी त्याच घालतात. रोप त्यांच्या खांद्याला लागलं आहे. "माझ्या डोक्यावर सावली यायची नाही," असं म्हणतात, "पण नातीची घागर तरी सावलीत राहील."

तुमच्या गावचा रांगोळीचा नकाशा काढलात, तर कुठे लाल आणि कुठे हिरवं निघालं ते आम्हाला जरूर कळवा. पुढच्या वेळी तेच इथे वाचून दाखवू. नमस्कार.